छोटा ए

उद्यमबागेत रात्रपाळीची भट्टी धपापते
ती सर्व्हरच्या खोलीत फरशीला कळते.
तळव्यांना बारीक वाळू लागते, ढलाईची.
ती कुठंही पोचते.
काळा पडदा. आडवी हिरवट रेघ, उघडमीट.

मालक म्हणाले, दिवाळीआधी सगळं नीट लाव,
कोण काय बघतंय, कोण काय पुसतंय, कळू दे.
म्हणून बसले.
ग्रुपॲड, साठा. ग्रुपॲड, लेखा. ग्रुपॲड, तपासणी.
एंटर दाबलं की काहीच होत नाही.
काम झालं की गप्प, चुकलं तरच बोलायचं,
माझ्या आत्याच्या नवऱ्यासारखं.
नावं मात्र इंग्रजी अक्षरांत द्यायची.
आमच्या दोन्ही भाषा दाराशी चपला काढून आत येतात.

आधीचा माणूस, मुचंडी, जाण्यापूर्वी
दोन गट करून गेला होता: एम आणि के.
नोटिसा दोन फोल्डरांत.
एकातली सुट्टी दुसऱ्यात कधी कधी
एक दिवस उशिरा यायची.

इराप्पा होनगेकर, पॅटर्न शॉप, वय अठ्ठावन्न.
घरात मराठी, सासुरवाडीत कन्नड,
भट्टीला शिव्या दोन्हीतल्या.
साठा, नकाशे, तपासणी, सुरक्षा, एम,
पाच गटांत होताच. म्हणाला,
बाई, मला के मध्ये पण घाला की,
तिकडं सुट्टी आधी लागती.

यूजरमॉड, मोठा जी, के, इराप्पा.
एंटर.
गप्प.

सकाळी सव्वाआठला फोन.
"नकाशे उघडंना झालेत. साठा पण नाही.
मी कुठला, तेवढं सांगा की ओ."

आयडी विचारला त्याच्या नावानं.
एक ओळ आली. त्याचा स्वतःचा गट, आणि के.
बाकी पाच गेले होते.

मोठ्या जीच्या अलीकडे छोटा ए लागतो.
ए म्हणजे आहे त्यात भर घाल.
तो नसला की यंत्राला वाटतं
एवढाच हा माणूस, उरलेला पुसा.
खात्री आहे का, असंही विचारत नाही.
मला माहीत होतं. वहीत लाल शाईनं लिहिलंय.

जनगणनेचे मास्तर आमच्या कट्ट्यावर टेकून
आईला विचारायचे, भाषा कुठली, एकच सांगा.
आई पदराला हात पुसत म्हणायची,
कुणाशी बोलायची?

यंत्र मागची एक यादी जपून ठेवतं,
नावाच्या शेपटीला वजा लावून.
त्यातून पाचही परत घातले, ए लावून,
एकेक मोठ्यानं वाचत.
इराप्पाला म्हटलं, आता बाहेर पडा, परत आत या,
त्याशिवाय लागू होत नाही.
तो खरंच उठला. गेटाबाहेर चहा पिऊन आला.
"आलो."
कंप्युटरमधनं ओ, इराप्पा.

मग त्याच दुपारी, जुन्या फोल्डरात,
चाळीस नकाशे सापडले.
गटाच्या जागी नाव नाही, नुसता आकडा: १००७.
कधीतरी कुणी गट पुसला, फायली राहिल्या.
यंत्राला नाव आठवत नाही, आकडा सोडवत नाही.

इराप्पानं चष्मा वर करून बघितलं.
"हे कोर शॉप. अकरा बायका होत्या,
मच्छे, पिरनवाडीच्या. मशीन आलं, त्या गेल्या."
यल्लव्वा, ताराक्का, हुसेनबी, भरमव्वा...
बोटं मोडत नवापर्यंत आला, अडला.

ग्रुपॲड, छोटा जी, १००७, कोर.
एंटर.
यादी पुन्हा काढली.
चाळीस ओळींत चाळीसदा, कोर.
सदस्य एकही नाही.
खिडकीखाली इराप्पा पॅटर्नला पॉलिश पेपर मारतोय,
मधेच हात थांबतो,
ओठ हलतात.